वॉरंटी संपल्यावर फोन चार्ज होईना: केबलपासून बोर्डापर्यंत तपासणीचा क्रम

काच फुटण्याखालोखाल फोन दुरुस्तीच्या काउंटरवर येतो तो चार्जिंगच्या तक्रारीने, आणि तोही बहुधा दीड-दोन वर्षं वापरून झाल्यावर, म्हणजे वॉरंटी संपलेली असताना. तक्रार एकाच वाक्याची असते, "चार्ज होत नाही". कारण मात्र खिशातल्या सुताच्या गोळ्यापासून फोनच्या मुख्य बोर्डावरच्या जळलेल्या आयसीपर्यंत (चिपपर्यंत) काहीही निघू शकतं. पहिल्याला खर्च शून्य. दुसऱ्यात फोनची किंमतही निघून जाऊ शकते. घाईघाईत लोक बॅटरीच बदलून टाकतात आणि नवी बॅटरी घातल्यावरही केबल वाकडी धरावी लागते ती लागतेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून खालचा क्रम मोडू नका. एका पायरीचा निकाल हातात येईपर्यंत पुढच्या पायरीवर पैसा घालायचा नाही.

लक्षणं आणि संशय कुणावर

- केबल विशिष्ट कोनात धरली की चार्ज होतो, हात सोडला की बंद: पोर्टमध्ये (केबल लावायच्या भोकात) घाण, नाहीतर पोर्ट सैल.
- टाइप-सी केबल एका बाजूने लावली तर चालते, उलटी करून लावली तर नाही: पोर्टच्या आतल्या दोनपैकी एका रांगेचे संपर्क मळलेत किंवा झिजलेत. इथे बॅटरी बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.
- चार्ज होतो पण फार हळू, फास्ट चार्जिंगची खूण येत नाही: आधी केबल आणि अडॅप्टर, मग पोर्ट.
- बंद ठेवला तर भरतो, चालू असताना टक्के जागचे हलत नाहीत: करंट अपुरा मिळतोय, किंवा एखादं ॲप फोन तापवतंय.
- ३०-४० टक्क्यांवर अचानक बंद पडतो, चार्जरला लावताच पुन्हा २५ टक्के दाखवतो: बॅटरी.
- ८० टक्क्यांवर थांबतो: बहुधा बिघाडच नाही, सेटिंग आहे.
- पाण्याच्या थेंबाची सूचना येते आणि जात नाही: पोर्टमध्ये ओल, मीठ किंवा गंज.
- मागचं झाकण किंवा स्क्रीन एका कडेने उचलली गेली आहे: बॅटरी फुगली. चार्जर काढा, फोन बंद करा आणि थेट खालच्या "इथे थांबा" या भागाकडे जा.
- काहीच नाही, ना कंप, ना खूण: पहिल्या तीन पायऱ्या तरीही कराच. "डेड" म्हणून आणलेला फोन नुसत्या केबलने उठल्याची उदाहरणं कमी नाहीत.

कशालाही हात लावण्याआधी बॅकअप

केबलला टेकू देऊन का होईना, फोन अजून भरतोय ना? मग आजच ७०-८० टक्के भरून घ्या आणि आधी डेटा बाहेर काढा. पोर्ट पूर्ण बंद पडलं की तोच डेटा काढायला फोन उघडावा लागतो, आणि बोर्ड गेला तर बोर्डाचं काम करावं लागतं. फोटो आणि संपर्क गूगल किंवा आयक्लाउडवर चढले का ते उघडून बघा, नुसतं "बॅकअप चालू आहे" या ओळीवर विसंबू नका. व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा असतो, तो त्याच ॲपमध्ये जाऊन घ्यायचा. यूपीआय आणि बँकेची ॲप सिमशी बांधलेली असतात. त्यांचा बॅकअप नसतो, दुसऱ्या फोनमध्ये तेच सिम घालून नोंदणी पुन्हा करावी लागते. गूगल किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड मात्र आत्ताच आठवून, कागदावर लिहून ठेवा. दुरुस्तीत फोन रीसेट झाला तर त्याच्याशिवाय तो उघडत नाही, आणि दुकानदाराला हे "गूगल लॉक" काढायला सांगितलंत की त्याचे पैसे वेगळे.

वॉरंटी खरंच संपली आहे का?

ही तपासणी फुकट आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच टाळतात. सर्व्हिस सेंटरच्या संगणकावरची तारीख कधी कधी बिलाची नसते. फोन पहिल्यांदा सुरू झाला किंवा दुकानदाराकडे रवाना झाला ती असू शकते. दुकानात काही महिने पडून असलेला फोन घेतला असेल तर आयएमईआय (फोनचा १५ अंकी ओळख क्रमांक) लिहिलेलं जीएसटी बिल दाखवा. महिना-दोन महिने शिल्लक निघू शकतात. बॉक्समधल्या चार्जर आणि केबलची वॉरंटी मात्र सहसा सहाच महिन्यांची असते.

दुसरं, हीच तक्रार वॉरंटीत असताना नोंदवली होती का? तेव्हाची जॉबशीट, म्हणजे सर्व्हिस सेंटरने दिलेली तक्रारीची नोंदपावती, सापडली तर बोलणंच बदलतं. बिघाड आधीचाच आहे, तो नीट दुरुस्त झाला नव्हता, हे कागदावर दाखवता येतं. सर्व्हिस सेंटरने बदललेल्या भागाला त्याची स्वतःची वेगळी मुदतही असते, बहुधा ९० दिवसांची.

तिसरं, दोष एकट्या तुमच्या फोनचा नसून त्या मॉडेलचाच असेल तर काही वेळा कंपनी वॉरंटीबाहेरही काम करून देते. अपडेटनंतर स्क्रीनवर हिरवी रेषा येण्याच्या तक्रारीवर वनप्लसने २०२३ मध्ये भारतात काही मॉडेलांना स्क्रीनची आजीवन वॉरंटी दिली. पिक्सल ७-ए च्या बॅटऱ्या फुगू लागल्यावर गूगलने २०२५ मध्ये त्यांच्यासाठी खास योजना काढली. ॲपल आपल्या संकेतस्थळावर अशा सर्व्हिस प्रोग्रॅमची यादी ठेवतं. काउंटरवरचा माणूस हे आपणहून सांगेलच असं नाही. मॉडेलचं नाव घेऊन थेट विचारायचं.

१. केबल, अडॅप्टर, सॉकेट (खर्च: काही नाही)

तिन्ही एकदम बदलू नका. एकेक बदला, नाहीतर दोषी कोण ते कळणारच नाही. आधी सॉकेट: एक्स्टेन्शन बोर्ड सोडून थेट भिंतीत लावा. मग तुमच्याच अडॅप्टरला दुसरी, चालू असल्याची खात्री असलेली केबल. मग तुमच्याच केबलला दुसरा अडॅप्टर. शेवटी तुमची केबल आणि अडॅप्टर दुसऱ्या फोनला लावून बघा.

केबल बहुतेक वेळा टोकाजवळ, वळते तिथे आतून तुटते. वरचं आवरण शाबूत दिसतं, म्हणून संशय येत नाही. लायटनिंग केबलच्या टोकावरची एखादी सोनेरी पट्टी काळी पडली असेल तर ती केबल फेकून द्या. पुसून ती दोन दिवस चालेल, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

फास्ट चार्जिंगचं गणित वेगळं आहे. ओप्पो, रिअलमी, वनप्लसचं सुपरवूक किंवा विवोचं फ्लॅशचार्ज पूर्ण वेगाने चालायला कंपनीचा अडॅप्टर आणि त्याच जातीची जाड केबल, दोन्ही लागतात. सॅमसंगच्या २५ वॅटला पीडी-पीपीएस ही फास्ट चार्जिंगची पद्धत चालवणारा अडॅप्टर हवा. साध्या केबलने फोन मंद भरला तर तो बिघाड नव्हे.

यूएसबी मीटर (व्होल्ट आणि करंट दाखवणारं छोटं यंत्र) मिळाला तर अर्धं निदान दोन मिनिटांत होतं. तीनशे-चारशे रुपयांना ऑनलाइन मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हातात घेऊन बघता येतो. तो अडॅप्टर आणि केबलच्या मध्ये लावायचा आणि फोन २० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असताना वाचायचा. ८० च्या वर करंट आपोआप उतरतो, तेव्हाचा आकडा दिशाभूल करतो. ५ व्होल्ट आणि करंट शून्य: फोन वीज घेतच नाही, पोर्ट किंवा बोर्ड. ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, त्याच्या वर जातच नाही: केबलच्या किंवा पोर्टच्या डेटा लाइनी तुटल्यात, त्यामुळे फोनला वाटतं आपण जुन्या संगणकाला जोडलेलो आहोत. ९ व्होल्टला उडी मारली: अडॅप्टर आणि फोनची बोलणी नीट झाली, पोर्ट बहुतेक ठीक.

मीटर नसेल तर घड्याळ वापरा. ५००० एमएएचची बॅटरी १० वॅटवर अडीच-तीन तासांत भरते. अर्ध्या अँपिअरवर तिलाच नऊ-दहा तास लागतात, आणि फोन वापरत बसलात तर ती भरतच नाही.

२. पोर्ट साफ करणं (खर्च: एक टूथपिक)

खिशातलं सूत रोज थोडं थोडं पोर्टच्या तळाशी जातं आणि केबल प्रत्येक वेळी ते आणखी दाबते. वर्षा-दीड वर्षात त्याची घट्ट गादी होते. खूण सोपी: केबल आत गेल्यावर "टक" असा बसल्याचा भास होत नाही, आणि टोकाच्या धातूचा मिलिमीटरभर भाग बाहेर राहतो. नव्या केबलने फरक पडत नाही तो यामुळेच.

आपल्याकडे सुताच्या जोडीला आणखीही पाहुणे असतात. शर्टाच्या एकाच खिशात फोन आणि तंबाखूची पुडी, गिरणीतलं पीठ, जेजुरीहून आल्यावर भंडारा. गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात तर पोर्टमधून गुलालच निघतो. कोरडा असेल तर झटकून जातो. घामात कालवला गेला की वाळून चिकटतो आणि संपर्कांवर थर धरतो.

पद्धत अशी:

फोन पूर्ण बंद करा. नुसती स्क्रीन बंद करून चालत नाही, कारण चालू फोनच्या पोर्टमध्ये शॉर्ट झालं तर आतली आयसी जाऊ शकते. दुसऱ्या फोनचा टॉर्च थेट आत मारून बघा. टाइप-सी पोर्टचं तोंड अडीच मिलिमीटर उंच असतं आणि मधोमध पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीची एक जीभ असते. तिच्या वर आणि खाली उरते ती फट एक मिलिमीटरपेक्षाही कमी. साधी टूथपिक त्यात जात नाही. तिचं टोक ब्लेडने चपटं तासून घ्या, जाड कागदाएवढं. जिभेला स्पर्श न करता बाहेरच्या भिंतीलगत आत न्या आणि तळातली गादी उकरून बाहेर ओढा. आत ढकलायचं नाही, बाहेर ओढायचं. जीभ दुखावली की पोर्टच बदलावं लागतं. म्हणूनच सुई, सेफ्टी पिन, सिम काढायची पिन यांपैकी काहीही वापरू नका. आयफोन १४ आणि त्याआधीच्या लायटनिंग पोर्टमध्ये मधली जीभ नसते, तिथे काम सोपं आहे. तरीही धातू नकोच.

चिकट घाण असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रश जेमतेम ओला करून दोन-तीनदा फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. पेट्रोल, थिनर, घरातलं सॅनिटायझर नको. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं, ते आतच राहतं. तोंडाने फुंकर मारण्यातही तोटाच, थुंकीची वाफ आत जाते.

पावसाळ्यात ओलाव्याची सूचना आली तर केबल काढा, पोर्टचं तोंड खाली करून फोन हलकेच तळहातावर आपटा आणि पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात नको. तांदूळ ओल फारशी शोषत नाहीत, वर कणी आणि भुसा पोर्टमध्ये जातो. हेअर ड्रायरची गरम हवाही नको. रत्नागिरी-मालवणपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर खारी हवा असते, तिथे कोरड्या पोर्टलाही ही सूचना येत राहते, कारण संपर्कांवर साचलेलं मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. अल्कोहोलने साफ केल्यावर बहुतेकदा जाते. संपर्कांवर हिरवट थर दिसला तर तो गंज आहे, तो ब्रशने जात नाही, पोर्ट बदलावं लागणार.

साफसफाईनंतर केबल दोन्ही बाजूंनी लावून बघा. एका बाजूने अजूनही चालत नसेल तर पोर्टचा निकाल लागला. तिसरी आणि चौथी पायरी सोडून पाचवीवर या.

३. सेटिंग, उष्णता, सॉफ्टवेअर

हे पटकन उरकतं. बॅटरी जपण्यासाठी ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आता जवळजवळ सगळ्या फोनमध्ये असते आणि अपडेटनंतर ती सुरू झालेली असू शकते. बॅटरीच्या सेटिंगमध्ये बघा. सॅमसंगमध्ये फास्ट चार्जिंगचं बटणही तिथेच असतं.

उष्णता हे विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमधलं मोठं कारण. बॅटरी चाळिशीच्या पुढे तापली की फोन स्वतः करंट कमी करतो, आणखी तापली तर चार्जिंग थांबवतो. आयफोन वापरण्यासाठी ॲपल ३५ अंशांपर्यंतचं तापमान योग्य धरतं. गाडीच्या हँडलवरच्या होल्डरमध्ये, भर उन्हात, नकाशा चालू असताना चार्ज होत नाही ही तक्रार बिघाडाची नाही. कव्हर काढा, सावलीत गार होऊ द्या, मग तपासा.

फोन बंद करून चार्ज केल्यावर वेग वाढतो, तर सेफ मोडमध्ये सुरू करून बघा, त्यात तुम्ही टाकलेली ॲप बंद राहतात. तिथेही नीट भरला तर एखादं ॲप गुन्हेगार आहे. पूर्ण निपचित पडलेल्या फोनसाठी: पॉवर आणि व्हॉल्यूम डाऊन एकत्र १५-२० सेकंद दाबून धरा. आयफोनला व्हॉल्यूम अप एकदा, डाऊन एकदा, मग बाजूचं बटण खूण येईपर्यंत. कपाटात महिनोन्महिने पडलेला फोन असेल तर तो साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला दोन तास न हलवता ठेवा. बॅटरी अतिखाली गेली की तिचं संरक्षक सर्किट वाट बंद करतं आणि ती थेंबाथेंबानेच उघडते. पहिल्या दहा मिनिटांत काही दिसत नाही म्हणून लोक सोडून देतात.

फॅक्टरी रीसेट मात्र चार्जिंगसाठी करू नका. त्याने पोर्टही सुधारत नाही, बॅटरीही नाही. डेटा तेवढा जातो.

४. बॅटरी

आयफोनमध्ये सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थ. ८० टक्क्यांखाली गेली की बदलायची. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवलेल्या आहेत, १५ पासून हाच आकडा १००० आहे. सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स ॲपमध्ये तपासणीचा विभाग आहे. शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये डायलरवर *#*#६४८५#*#* टाकलं की बॅटरीची माहिती उघडते.

कुठलाच आकडा दिसत नसेल तर भार देऊन बघा. ५०-६० टक्क्यांवर फोन गार असताना स्क्रीन पूर्ण उजळ करा, फ्लॅश लावून दहा मिनिटं व्हिडिओ घ्या. दोन-चार टक्के उतरणं ठीक. दहा-पंधरा टक्के गडगडले किंवा फोन बंदच पडला तर बॅटरीचा आतला रोध वाढलाय, म्हणजे करंट मागितला की तिचा व्होल्टेज कोसळतो. अशी बॅटरी कितीही भरली तरी उपयोग नाही.

वायरलेस चार्जिंग असलेल्या फोनला आणखी एक कसोटी आहे, आणि ती फार कामाची. पॅडवर नीट भरतो आणि केबलने भरत नाही? बॅटरी निर्दोष. पोर्टाकडे वळा.

बॅटरी बदलायची तर आमचं मत सरळ आहे: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमी, वनप्लस सुट्या भागांचे दर आपल्या भारतीय संकेतस्थळावर देतात, ते बघून जा. काही कंपन्या महिन्यातले ठरावीक दिवस "सर्व्हिस डे" म्हणून मजुरी माफ करतात, ते गाठता आले तर उत्तम. मॉडेल जुनं झालं म्हणून तिथे बॅटरी मिळत नसेल तेव्हाच बाहेर. बाहेर घेताना लेबलवर आयएस १६०४६ (बॅटरीच्या भारतीय मानकाचा क्रमांक) आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कंपनी जुळते का बघता येतं. त्याच आकारात मूळ ५००० ऐवजी ६००० एमएएच छापलेलं असेल तर छपाईच तेवढी जास्त आहे. बनावटीची तारीख वर्षाच्या आतली हवी. बाहेरची बॅटरी बसवल्यावर "तापमान फार कमी" किंवा "फार जास्त" अशी सूचना येऊन चार्जिंग थांबलं, तर त्या बॅटरीतला तापमान मोजणारा भाग निकृष्ट आहे किंवा कनेक्टर नीट बसलेला नाही. तिथेच परत करा.

५. चार्जिंग पट्टी (सब-बोर्ड)

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पोर्ट मुख्य बोर्डावर नसतं. खालच्या बाजूला एका छोट्या वेगळ्या बोर्डावर असतं. दुकानात त्याला चार्जिंग पट्टी किंवा सीसी बोर्ड म्हणतात. साध्या फोनला मजुरीसकट साधारण पाचशे ते बाराशेच्या घरात हे काम होतं, आणि पोर्ट सैल झालेल्या फोनचं हेच खरं औषध. नुसतं पोर्ट काढून दुसरं सोल्डर करण्यापेक्षा पूर्ण पट्टी बदललेली बरी. हातसोल्डरचं पोर्ट काही महिन्यांत पुन्हा हलायला लागतं.

उघडण्याची सवय असेल आणि झाकण प्लॅस्टिकचं असेल तर घरी जमण्यासारखं आहे. काचेची पाठ, कडांना वळवलेली (कर्व्ह्ड) स्क्रीन किंवा पाणीरोधक फोन असेल तर नको. घरी करताना फोन २५ टक्क्यांखाली उतरवून मग उघडा. भरलेली बॅटरी चुकून टोचली गेली तर आग मोठी लागते. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर प्लॅस्टिकच्या पातीने सोडवणं. स्क्रू कागदावर फोनचं चित्र काढून त्या त्या जागी ठेवा. त्यांच्या लांब्या वेगळ्या असतात आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की थेट बोर्डात घुसतो.

पट्टी विकत घेताना फोनच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या फोनच्या दोन आवृत्त्यांत पट्ट्या वेगळ्या निघतात. जुनी पट्टी काढा, तिच्यावर छापलेला क्रमांक जुळवा. स्वस्त पट्टीत फास्ट चार्जिंगचे भागच लावलेले नसतात, त्यामुळे फोन भरतो पण मंद. दुसरी गोष्ट जी नंतर लक्षात येते: बोलण्याचा माइक बहुधा याच पट्टीवर असतो, आणि अँटेनाची बारीक गोल वायरही इथेच टोचलेली असते. म्हणून झाकण चिकटवण्याआधी चार गोष्टी तपासा. चार्जिंग दोन्ही बाजूंनी, फास्टची खूण, समोरच्याला आवाज जातो का, आणि नेटवर्कचे दांडे पूर्वीइतके आहेत का. दुकानात काम केलंत तरी हेच, काउंटरवर उभं राहून.

पट्टी नवी, तरी तीच तक्रार? मुख्य बोर्ड आणि पट्टीला जोडणारी लांब फ्लेक्स (चपटी, लवचीक केबल) तुटलेली असू शकते. ती स्वस्त असते, पण पट्टीनंतर तिच्याकडे बघायला अनेक जण विसरतात आणि थेट "आयसी गेली" सांगून मोकळे होतात.

इथे थांबा

- बॅटरी फुगली आहे. दाबून बसवू नका, टोचू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, "अजून चालतोय" म्हणून वापरू नका. बंद फोन अंथरूण, पडदे, कागदांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. फुगलेला फोन कुरियरने पाठवू नये.
- पोर्टाजवळ जळका वास, काळा डाग, किंवा केबल लावताच तिथे चटका बसतो. पोर्टात शॉर्ट आहे, पुन्हा चार्जरला लावून खात्री करण्याची गरज नाही.
- फोन पाण्यात पडून गेला होता. वरून कोरडा दिसला तरी आत गंज चढत असतो, आणि चार्जर लावला की तो वेगाने बोर्ड खातो.
- नवी केबल, नवी पट्टी, चांगली बॅटरी, तरी मीटरवर शून्य. आता दोष मुख्य बोर्डावर: चार्जिंग आयसी, जादा व्होल्टेज अडवणारी आयसी, किंवा पॉवर लाइनवरचं शॉर्टिंग. याला डीसी सप्लाय, मायक्रोस्कोप आणि हॉट एअर लागतं. यूट्यूब बघून करण्याचं काम नाही. शेजारच्या चिप तापून हलल्या तर डेटाही गेला.

बोर्डाच्या कामासाठी सर्व्हिस सेंटरपेक्षा चांगला चिप-लेव्हल कारागीर बरा. सर्व्हिस सेंटर सहसा अख्खा मदरबोर्ड बदलतं. बिल फोनच्या किमतीजवळ जातं आणि जुन्या बोर्डाबरोबर डेटाही जातो. कारागिराकडे आधी दोन प्रश्न विचारा: काम नाही झालं तर पैसे किती, आणि बोर्डाला गरम हवा देण्याआधी डेटा काढता येईल का. दुसऱ्या प्रश्नाला "बघू" असं उत्तर आलं तर पुढचं दुकान शोधा.

फोन ताब्यात देताना

सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. स्क्रीन लॉकचा पिन देऊ नका, चार्जिंग तपासायला तो लागत नाही. सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आणि पिक्सलमध्ये रिपेअर मोड आहे. तो लावला की कारागिराला फोन चालवता येतो पण तुमचे फोटो, चॅट दिसत नाहीत. चिठ्ठीवर आयएमईआय, तक्रार, ठरलेला भाग, ठरलेली रक्कम आणि भागाची वॉरंटी लिहून घ्या. "ओरिजिनल" या शब्दाला बाजारात फारसा अर्थ नाही, त्याऐवजी विचारा: कंपनीचा सर्व्हिस पॅक (कंपनीनेच दुरुस्तीसाठी पुरवलेला भाग) आहे, जुन्या फोनमधून काढलेला आहे की कॉपी? तिन्हींचे दर वेगळे आणि तिन्ही आपापल्या जागी ठीक, पण कॉपीला सर्व्हिस पॅकचे पैसे द्यायचे नाहीत. बदललेला जुना भाग परत मागा. आधी सांगून ठेवलं तर भाग खरोखर बदलला जातो.

दुरुस्त करावा की बदलावा

आकडा काढायचा तो नव्या फोनच्या किमतीशी नाही. तुमचंच मॉडेल आज सेकंडहँड बाजारात कितीला मिळतं ते बघा. दुरुस्ती त्याच्या निम्म्याच्या आत बसत असेल तर करा. पट्टी आणि बॅटरी जवळजवळ नेहमी या मर्यादेत येतात. बोर्ड किंवा स्क्रीन बऱ्याचदा येत नाही. एक अपवाद: कंपनीने त्या मॉडेलचे सुरक्षा अपडेट बंद केले असतील आणि त्यावर बँकेचे व्यवहार होत असतील, तर स्वस्त दुरुस्तीही शेवटचीच समजा.

बदलायचं ठरलं तरी चार्जिंग पट्टीचा किरकोळ खर्च आधी करून टाका. एक्स्चेंजमध्ये सुरू न होणाऱ्या फोनला जवळपास काहीच मिळत नाही, सुरू होणाऱ्याला मिळतं. देण्याआधी गूगल किंवा ॲपल खातं काढा, मग रीसेट. उलट, वापरलेला फोन विकत घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय काढा आणि केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक मोकळी जागा आणि तो १५ अंकी क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन ब्लॉक केलेला किंवा नोंदणीत डुप्लिकेट असेल तर उत्तरात कळतं. हीच सोय सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही आहे. तुमची केबल आणि मीटर बरोबर न्या आणि पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंनी लावून बघा.

सर्व्हिस सेंटर दाद देत नसेल तर

वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपले असं नाही. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती नीट झाली नसेल, तर ती सेवेतली त्रुटी आहे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा, जॉबशीट क्रमांकासह. फोनवरच्या बोलण्याचा नंतर उपयोग होत नाही. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. तिथेही तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. सोबत खरेदीचं बिल, प्रत्येक वेळची जॉबशीट, ईमेलच्या प्रती, आणि दुरुस्तीनंतर मीटरवर दिसणारा आकडा फोनच्या आयएमईआयसकट दाखवणारा छोटा व्हिडिओ जोडा.